सगळे फ्लोट बरोबर, तरी पट्टी चुकते: स्वतःचे टाइप लावून बग कसा धरायचा

प्रश्न तुर्भ्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या मुलीचा आहे. वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा व्यापाऱ्यांसाठी पायथनमध्ये प्रोग्राम आहे, तो एक्सेलमधून आवक वाचतो, गाडीप्रमाणे गोण्या, वजन, दर घेतो, हमाली-तोलाई-भाडं वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या हातात येणाऱ्या पैशाचा हिशोब काढतो. बहुतेक पट्ट्या बरोबर येतात पण मधूनच एखादी शंभरपट येते, कधी एखाद्या गाडीतलं थोडं वजन गायब होतं, आणि एरर मात्र कधीच येत नाही. सगळीकडे प्रिंट लावून झालं, प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला इझइन्स्टन्स (व्हॅल्यू कुठल्या टाइपची आहे ते सांगणारं पायथनचं फंक्शन) लावून व्हॅल्यू फ्लोट, म्हणजे दशांश आकडा आहे का तेही तपासून झालं, सगळं पास होतंय. आता कुणीतरी सांगितलंय की कस्टम टाइप चेक लाव, तर ते नक्की काय असतं आणि त्याने बग सापडतो कसा, असं विचारलंय.

सापडतो, आणि तुमच्या केसमध्ये तर नक्कीच सापडेल. मी महापे एमआयडीसीत बरीच वर्षं हिशोबाच्या आणि बिलिंगच्या प्रोग्रामवर काम करतोय आणि एरर न येता उत्तर चुकतं अशा प्रकारात मी सगळ्यात आधी हेच करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा आत्ताचा चेक काय सांगतो ते बघा. वजन फ्लोट, दर फ्लोट, हमाली फ्लोट, पट्टीची रक्कम फ्लोट. मशीनच्या दृष्टीने हे चारही एकच. समजा ४२५० किलो माल आहे आणि दर १८ रुपये किलो, तर ७६,५०० रुपये झाले. तोच दर एखाद्या व्यापाऱ्याच्या शीटमध्ये क्विंटलला १८०० असा लिहिलेला असला आणि तुमच्या फंक्शनने सरळ गुणाकार केला तर ७६,५०,००० येणार, आणि दोन्ही वेळा इझइन्स्टन्स म्हणणार की हो, फ्लोटच आहे. चेक खोटं बोलत नाहीये, तुम्ही त्याला विचारलंच ते नाही. तुम्हाला विचारायचं होतं की हा किलोचा दर आहे की क्विंटलचा, आणि ती माहिती त्या आकड्यासोबत कुठेच नाहीये, ती फक्त शीट भरणाऱ्याच्या डोक्यात आहे. मार्केटमध्ये प्रत्येक गोणीवर मार्का असतो म्हणून कुणाचा माल कुठे गेला ते कळतं, तुमच्या प्रोग्राममध्ये सगळ्या गोण्या बिनमार्क्याच्या फिरतायत.

यातून मोठमोठे लोकही सुटलेले नाहीत. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं होतं. टाकीत किती लिटर आहे ते मोजून त्याचं वजन काढताना १.७७ ने गुणलं होतं, तो आकडा पाउंड प्रति लिटर होता आणि विमानाला हिशोब हवा होता किलोत, तिथे साधारण ०.८ लागतो. म्हणजे लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी घेऊन विमान उडालं, वैमानिकांनी ते ग्लायडरसारखं तरंगत आणून गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं म्हणून सगळे वाचले. गुणाकारात काही चूक नव्हती, १.७७ हा आकडाही खरा होता, फक्त तो कशाचा आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं.

तर कस्टम टाइप म्हणजे एवढंच की त्या आकड्याला अर्थाचं नाव द्यायचं आणि ते नाव त्याच्यासोबतच फिरवायचं. एक छोटा क्लास वजन-किलो, एक दर-प्रति-किलो, एक दर-प्रति-क्विंटल, एक रक्कम. पायथन ३.७ पासून डेटाक्लास, म्हणजे असे छोटे क्लास पटकन बनवायची सोय आहे, त्याने हे चार-पाच ओळींत होतं. फ्रोझन ठेवा म्हणजे एकदा बनल्यावर आतली व्हॅल्यू कुणी बदलू शकणार नाही, हे महत्त्वाचं आहे कारण पोस्ट-इनिटमध्ये लिहिलेला चेक फक्त ऑब्जेक्ट बनताना चालतो, नंतर कुणी व्हॅल्यू बदलली तर त्याला पत्ताच नसतो. मग बेरजेचं आणि गुणाकाराचं मेथड लिहा: किलोत किलोच मिळवता येतील, किलो गुणिले दर-प्रति-किलो केलं की रक्कम मिळेल, बाकी कशाशीही गुणाकार करायला गेलं की नॉट-इम्प्लिमेंटेड परत करा, पायथन स्वतःच टाइपएरर फेकतो. क्विंटलचा दर किलोचा करायला वेगळं नाव असलेलं फंक्शन ठेवा आणि ते कोडमध्ये हाताने लिहावं लागेल असंच ठेवा. आपोआप बदलून देण्याचा मोह होतो, पण आपण सगळा खटाटोप करतोय तोच मुळी आपोआप काही होऊ नये म्हणून.

इथे बरेच जण एक शॉर्टकट घेतात, फ्लोटलाच सबक्लास करतात की बाबा गणित फुकटात मिळेल. करू नका. फ्लोटच्या सबक्लासचे दोन ऑब्जेक्ट मिळवले की उत्तर साधा फ्लोट येतो, तुमचं नाव पहिल्याच बेरजेत गळून पडतं आणि पुढे परत सगळं बिनमार्क्याचं. तसंच टायपिंगमधलं न्यूटाइप, ते छान आहे पण ते मायपायसारख्या तपासणाऱ्या टूलसाठी आहे, प्रोग्राम चालताना न्यूटाइप आहे तीच व्हॅल्यू परत देतं, काहीच तपासत नाही. टाइप हिंटचंही, म्हणजे कोडमध्ये कुठे कुठला टाइप हवा ते लिहून ठेवण्याचंही तेच. २०१५ च्या पायथन ३.५ पासून हिंट लिहायची रीतसर सोय आली, पण चालताना पायथन त्या पाळायला लावत नाही, फंक्शनवर किलो लिहून तुम्ही स्ट्रिंग पाठवली तर ती निवांत आत जाते. हिंट जरूर लिहा, मायपाय जरूर चालवा, पण एक्सेलच्या सेलमध्ये काय भरलंय ते मायपायला दिसत नाही, आणि तुमचा बग तिथून येतोय.

आता गायब होणाऱ्या वजनाकडे येऊ, माझ्या मते तिथे नॅन आहे, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण असलेली व्हॅल्यू. एक्सेलमध्ये एखादा वजनाचा सेल रिकामा राहिला की पांडाज, म्हणजे एक्सेल वाचणारी पायथनची लायब्ररी, त्याला नॅन करतं, आणि नॅन हा फ्लोटच असतो, म्हणून तुमचा इझइन्स्टन्स पास. वर पांडाजचं सम डीफॉल्टने नॅन सोडून देऊन बेरीज करतं, म्हणजे त्या ओळीचं वजन गपचूप शून्य. गोण्यांच्या पूर्णांकाच्या कॉलममध्ये एक जरी सेल रिकामा असला तरी पूर्ण कॉलमच फ्लोट होऊन बसतो, त्यामुळे ८५ गोण्या ८५.० दिसायला लागतात, तसं दिसलं की समजायचं वर कुठेतरी रिकामा सेल आहे.

आणि चेक लिहिताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती माहीत नसेल तर चेक लावूनही उपयोग नाही. बहुतेक जण लिहितात, वजन शून्यापेक्षा कमी असेल तर एरर दे. नॅन कशापेक्षा कमी, जास्त किंवा कशाच्या बरोबर आहे का असं विचारलं तर उत्तर फॉल्सच येतं, शून्यापेक्षा कमी आहे का, फॉल्स, म्हणजे एरर नाही, म्हणजे नॅन आत. म्हणून अट उलटी लिहायची: वजन शून्य आणि कमाल मर्यादा यांच्यामध्ये नसेल तर एरर दे. काय चालतं ते सांगायचं आणि बाकी सगळं बाहेर. अशा अटीत नॅन आपोआप अडकतो, अनंतही अडकतो. आणखी एक, पायथनमध्ये ट्रू आणि फॉल्स यांचा टाइप बूल हा पूर्णांकाच्या टाइपचा, म्हणजे इंटचाच सबक्लास आहे, तेव्हा गोण्यांची संख्या इंट आहे का असं विचारलं तर ट्रूसुद्धा हो म्हणतं आणि १ गोणी धरली जाते. बूल वेगळा तपासून बाहेर काढा.

मर्यादा ठरवताना मात्र धंदा माहीत पाहिजे, इथे प्रोग्रामरने स्वतःच्या मनाने काही करू नये. मी असा कोड बऱ्याच ठिकाणी बघितलाय, की दर २०० च्या वर असेल तर तो क्विंटलचा समजून १०० ने भाग. लिहिणाऱ्याला वाटतं आपण सोय केली. पण कांदा कोसळतो तेव्हा काय होतं? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे खर्च जाऊन २ रुपये मिळाले, दर होता किलोला १ रुपया. तोच दर क्विंटलमध्ये १०० झाला, म्हणजे हा हुशार कोड त्याला किलोचा दर समजणार आणि पट्टी शंभरपट काढणार. तुमच्या शंभरपट पट्ट्यांचं मूळ असंच कुठेतरी असण्याची शक्यता मला बरीच वाटते, कोडमध्ये १०० ने भागलेलं जिथे जिथे असेल ते आधी शोधा. दर किलोचा की क्विंटलचा हे आकड्याकडे बघून ठरवायचं नाही, ते शीटच्या सेटिंगमध्ये व्यापाऱ्याकडून लिहून घ्यायचं, आणि मर्यादेबाहेर गेलं तर प्रोग्रामने थांबून माणसाला विचारायचं. त्याच उदाहरणावरून दुसरंही कळतं, की वजन कधी ऋण असू शकत नाही पण निव्वळ पट्टी ऋण येऊ शकते, खर्च जास्त झाला की येतेच, तेव्हा रकमेच्या टाइपमध्ये ऋण आकडा अडवून ठेवू नका. नाहीतर खरी असलेली वाईट बातमी तुमचा चेक बग म्हणून दाबून टाकेल आणि ते मला कुठल्याही बगपेक्षा वाईट वाटतं, कारण त्या कागदावर एका माणसाचे चार महिने आहेत.

स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराचे टाइपही करा, नुसतं आकड्यांवर थांबू नका. पट्टीचे पैसे बँकेत जातात ना, मग आयएफएससी कोडचा टाइप पहिला करा. ११ अक्षरं असतात, पहिली ४ बँकेची इंग्रजी अक्षरं, पाचव्या जागी कायम शून्य, शेवटची ६ शाखेची. पाचव्या जागी लोक हमखास शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप करतात, डोळ्याला दिसत नाही, लांबी बरोबर, स्ट्रिंग आहे का तर आहे, आणि पेमेंट परत येतं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने, त्यापुढची १० अक्षरं म्हणजे पॅन, म्हणजे शेजारच्या कॉलममध्ये पॅन असेल तर दोन्ही एकमेकांशी ताडून बघता येतात, फुकटातला चेक आहे. ठाण्या-नवी मुंबईचे लँडलाइन नंबर ०२२ ने सुरू होतात, एक्सेलने त्याला आकडा समजलं की पुढचं शून्य गेलं, २२ उरलं. असे कॉलम पांडाजमध्ये वाचतानाच डीटाइप (कॉलमचा टाइप) स्ट्रिंग म्हणून सांगायचे, नंतर शून्य जोडत बसणं म्हणजे परत अंदाजच.

आपल्याकडे एक खास भानगड आहे जी बाहेरच्या ट्युटोरियलमध्ये सहसा कुणी सांगत नाही. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून कुणी मोबाईल नंबर देवनागरी अंकांत भरला तर पायथनचं इझडिजिट त्याला अंकच म्हणतं, इंटमध्ये टाकलं तर व्यवस्थित आकडाही मिळतो, रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुराचा साचा तपासायच्या पॅटर्नमधलं) अंकाचं चिन्हसुद्धा ते स्वीकारतं. पायथनची यात चूक नाही, ते अंकच आहेत. पण डेटाबेसमध्ये स्ट्रिंग म्हणून शोधायला गेलात की जुळत नाही आणि एकाच शेतकऱ्याची दोन खाती होतात. म्हणून टाइपच्या आत येतानाच एका रूपात आणायचं, आणि पॅटर्नमध्ये इंग्रजी शून्य ते नऊ अशी रेंज स्पष्ट लिहायची. सोबत फुलमॅच, म्हणजे पूर्ण मजकूर पॅटर्नशी जुळवणारं फंक्शन वापरा, कारण साध्या मॅचमध्ये शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं तरी मागे चिकटलेली एक न्यूलाइन त्यातून सुटते. एक्सेलमधून कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेसही खूपदा असते, स्क्रीनवर साध्या स्पेससारखीच दिसते, आणि दोन सारखी दिसणारी नावं वेगळी निघतात.

बरं, पैशाचं. रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, ०.१ आणि ०.२ ची बेरीज तिथे ०.३०००००००००००००००४ येते हे तुम्हाला माहीत असेलच. रुपयांऐवजी पैशांमध्ये पूर्णांक ठेवा किंवा डेसिमल (पायथनमधला नेमक्या दशांश आकड्यांचा टाइप) वापरा, डेसिमल करताना स्ट्रिंगपासून करा, फ्लोटपासून केलं तर फ्लोटची घाण तशीच आत येते. आणि राउंडिंग एकाच ठिकाणी, रकमेच्या टाइपमध्ये. पायथनचं राउंड २.५ चं २ करतं आणि ३.५ चं ४, जवळच्या सम आकड्याकडे जातं, व्यापारी वहीत २.५ चे ३ धरतो, मग रुपयाचा फरक येतो आणि तुम्ही अर्धा दिवस बग शोधत बसता जो बग नाहीचे.

आता खरा मुद्दा, याने बग धरायचा कसा. टाइप बनवणं हे अर्धंच काम, ते कुठे लावले यावर सगळं आहे. चूक ज्या ओळीत जन्मते आणि ज्या ओळीत दिसते त्यांच्यामध्ये तुमच्या प्रोग्राममध्ये आठ-दहा फंक्शन असतील, प्रिंट लावून तुम्ही दिसते तिथून मागे चाचपडत येताय. चेक जन्माच्या जागी लावायचा, म्हणजे एक्सेलची ओळ वाचून कच्ची व्हॅल्यू पहिल्यांदा हातात येते तिथे. तिथे एकच दार ठेवा, कच्चं आत येईल ते त्याच दारातून टाइप होऊन येईल, आणि आतल्या कुठल्याही फंक्शनला कच्चा फ्लोट मिळाला की त्याने तक्रार करायची. जुना मोठा कोड असेल आणि सगळं एकदम बदलणं शक्य नसेल तर शेवटून सुरू करा, पट्टी छापणाऱ्या फंक्शनला फक्त रक्कम घ्यायला लावा, ते ओरडलं की त्याला कोण पुरवतं ते बघा, तिथे टाइप लावा, ते ओरडलं की त्याच्या मागचं, असं करत दारापर्यंत जा. वाटेत ज्या जागी तुम्हाला स्वतःलाच सांगता येणार नाही की हा आकडा किलो आहे का क्विंटल, तिथे थांबा, बहुतेक वेळा बग तिथेच असतो. मला तर अनेकदा प्रोग्राम चालवायच्या आधी, टाइप लिहिता लिहिताच सापडलेत.

एररचा मेसेज लिहिताना कंजूषपणा करू नका. नुसतं चुकीचा टाइप असं लिहिलं तर परत प्रिंटच लावावे लागणार. मेसेजमध्ये काय हवं होतं, काय मिळालं, मिळालेल्याचा टाइप, आणि ते आलं कुठून म्हणजे फाइल, शीट, ओळ नंबर, कॉलम. मिळालेली व्हॅल्यू रेप्रमधून (व्हॅल्यू आहे तशी उघडी दाखवणारं फंक्शन) छापा म्हणजे मागची स्पेस, अवतरण, न्यूलाइन सगळं उघडं दिसतं. 'आवक शीट, ओळ २१८, वजन किलोत हवं, मिळालं अवतरणात ४५ आणि मागे एक स्पेस, टाइप स्ट्रिंग', असा मेसेज आला की डीबगर उघडायचीही गरज नाही, व्यापाऱ्याकडच्या माणसालाच फोन करून ओळ दुरुस्त करून घेता येते. आणि दारावर पहिल्या चुकीला थांबू नका, सगळ्या ओळी तपासून सगळ्या चुका एकदम दाखवा, नाहीतर एक दुरुस्त केली की दुसरी असं दिवसभर चालतं. आतल्या फंक्शनमध्ये मात्र पहिल्याच चुकीला मोडू द्या. एक्सेप्ट लिहून आत पास लिहिलेलं, म्हणजे एरर पकडून गिळून टाकलेली कुठे असेल तर ते आजच काढा, तो असेपर्यंत तुमचे सगळे टाइप बिनकामाचे.

चेक फसला की एरर असर्टने द्यायची की रेजने, हेही विचारतात लोक. पायथन ओ ऑप्शनने चालवला की सगळे असर्ट काढून टाकले जातात, तेव्हा बाहेरून आलेल्या डेटासाठी रेजच, आणि आपल्याच कोडमधल्या गृहीतकांसाठी असर्ट चालेल. पायडँटिक (डेटा तपासायची तयार लायब्ररी) वापरत असाल तर तेही चांगलंय पण ते डीफॉल्टने स्ट्रिंगमधला ४५ मुकाट्याने आकडा करून देतं, डीबग करताना स्ट्रिक्ट मोड लावा म्हणजे कोण काय पाठवतंय ते कळेल.

टाइप लावल्यावर तुम्हाला काही विचित्र गोष्टी दिसतील, त्या आधीच सांगून ठेवतो म्हणजे घाबरायला नको. किलोंच्या लिस्टवर सम चालवलं की टाइपएरर येईल, कारण सम शून्यापासून सुरू होतं आणि ते शून्य साधा इंट आहे, सुरुवात म्हणून शून्य किलो द्या. १०० किलो आणि १ क्विंटल बरोबर आहेत का असं दोन बरोबर-चिन्हांनी विचारलं तर एरर येणार नाही, गपचूप फॉल्स येईल, तेव्हा तुलना करायच्या आधी एकाच एककात आणा. आणि सगळ्यात डोकं फिरवणारं म्हणजे मेसेज येतो, किलो हवं होतं, मिळालं किलो. असं दिसलं की तीच फाइल दोनदा लोड झालीय, एकदा थेट चालवल्यामुळे मेन म्हणून आणि एकदा इम्पोर्ट होऊन, म्हणजे पायथनच्या लेखी दोन वेगळे क्लास. ज्युपिटर नोटबुकमध्ये मॉड्यूल रीलोड केल्यावरही हेच होतं, आधी बनवलेले ऑब्जेक्ट जुन्या क्लासचे राहतात. टाइपची फाइल वेगळी ठेवा, ती कधी थेट चालवू नका, आणि ज्युपिटरमध्ये असाल तर कर्नल, म्हणजे मागे चालू असलेलं पायथन रीस्टार्ट करा.

वेगाची काळजी तुमच्या कामात करू नका, दिवसाची आवक म्हणजे काही हजार ओळी असतील, तिथे फरक जाणवणार नाही. लाखो ओळींचा डेटा असेल तर प्रत्येक सेलचा ऑब्जेक्ट न करता पूर्ण कॉलम एकदम तपासायचा आणि कॉलमच्या नावात एकक लिहायचं, वजन_किलो, दर_क्विंटल असं. आणि सगळ्याच गोष्टींचे टाइप करायला जाऊ नका, शेऱ्याचा कॉलम स्ट्रिंगच राहू दे. एकक असलेले आकडे, पैसे, ओळखीचे नंबर आणि तारखा, एवढ्यांना पुरे. तारखेत ०३/०४ पांडाज मार्चची चार समजतं, आपल्याकडे ती एप्रिलची तीन, तेव्हा फॉरमॅट नेहमी सांगूनच वाचा.

तुम्ही आता असं करा. शंभरपट आलेली एक जुनी पट्टी घ्या, तिची मूळ एक्सेल फाइल शोधा, प्रोग्रामच्या वेगळ्या कॉपीत फक्त वजन-किलो, दोन्ही दर आणि रक्कम हे चार टाइप लावा आणि तीच फाइल चालवा. पहिल्यांदा भरपूर एरर येतील, त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या अजून टाइप न लावलेल्या कोडच्या असतील, त्या भरत चला. त्यातून जी एरर कोड सुधारूनही जात नाही, डेटाकडेच बोट दाखवते, तिचा पूर्ण मेसेज आणि ती ओळ इथे टाका, शेतकऱ्याचं नाव आणि खाते नंबर काढून, म्हणजे पुढचं बघता येईल.